वनस्पतिज द्रव्यांचे अवसादरोधी परीक्षण : प्राणिप्रयोग कसे वाचावेत?

प्रास्ताविक

औषधनिर्मिती कंपन्यांचे प्रतिनिधी चिकित्सालयात आणि औषधी दुकानात जी माहितीपत्रके ठेवून जातात, त्यांत एक विधान हल्ली वारंवार आढळते : या कल्पातील घटकद्रव्यांचे अवसादरोधी कार्य प्रयोगाने सिद्ध झाले आहे. विधानाखाली बारीक अक्षरांत एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख असतो. तो निबंध मिळवून वाचला असता बहुधा असे दिसते की प्रयोग उंदरांवर झालेला आहे, द्रव्य इंजेक्शनाने दिलेले आहे, आणि जे दिले ते माहितीपत्रकातील कल्पाशी नावापुरतेच जुळणारे आहे.

प्रयोग उंदरांवर झाला म्हणून तो त्याज्य ठरत नाही. आधुनिक औषधशास्त्रातील बहुतेक औषधे याच वाटेने आली आहेत. परंतु उंदराच्या वर्तनात दिसलेला बदल आणि आपल्यासमोर बसलेल्या रुग्णाचा विषाद यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत. त्यांतील कोणती पायरी चढली गेली आणि कोणती चढावयाची राहिली, हे वैद्याला वाचता आले पाहिजे. तीव्र अवसाद हा जिवावर बेतणारा व्याधी आहे. येथे अपुऱ्या पुराव्यावर विसंबणे म्हणजे नुसता खर्च वाया घालविणे नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात या परीक्षणांची पद्धत, त्यांची मर्यादा आणि त्यांतून वैद्याने व औषधविक्रेत्याने काय घ्यावे, याचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

एक शब्दसूचना प्रथम देणे आवश्यक वाटते. आपल्याकडे ‘अर्क’ म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेला कल्प. शोधनिबंधांत मद्यार्क, क्लोरोफॉर्म इत्यादी द्रावकांनी काढलेला जो सारभाग वापरतात, त्यास अर्क म्हटल्यास गोंधळ होईल. म्हणून या लेखात त्यासाठी ‘एक्स्ट्रॅक्ट’ हाच रूढ शब्द ठेवला आहे.

विषाद आणि अवसाद

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ऐंशी वातविकारांमध्ये विषादाची गणना आहे, आणि पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य गोष्टींच्या यादीत रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादाला पहिले स्थान दिलेले आहे. कफज उन्मादाच्या वर्णनात मौन, एकाच जागी बसून राहणे, एकांताची आवड, अन्नाविषयी अनिच्छा अशी लक्षणे येतात. आधुनिक वैद्यक ज्यास डिप्रेशन म्हणते, त्याचे चित्र या दोन्ही ठिकाणी विखुरलेले दिसते. आधुनिक निदानासाठी खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे हे लक्षण किमान दोन आठवडे जवळजवळ दररोज असावे लागते, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता, उत्साह यांतील बिघाड, अपराधीपणाची भावना, मृत्यूचे विचार यांपैकी काही लक्षणे असावी लागतात.

ही यादी येथे देण्याचे कारण असे की यांतील अपराधीपणा, निराशा, मृत्यूचे विचार ही लक्षणे उंदरात तपासताच येत नाहीत. प्राणिप्रयोगात तपासता येते ती हालचाल, भूक, गोड पाण्याची आवड आणि संकटात धडपड करण्याची प्रवृत्ती. म्हणून जाणकार संशोधक ‘अवसादरोधी कार्य’ असे न लिहिता ‘अवसादरोधीसदृश कार्य’ असे लिहितात. माहितीपत्रकात येईपर्यंत त्यातील ‘सदृश’ हा शब्द गळून पडतो. वैद्याने तो मनात पुन्हा जोडून घ्यावा.

सर्पगंधेचा धडा

प्राण्यांमध्ये अवसादाची प्रतिकृती निर्माण करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांशी आपल्याच एका वनस्पतीचा संबंध आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व उच्च रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि सर्पगंधेकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातील रेसर्पिन हा अल्कलॉइड वेगळा करण्यात आला.

पुढे १९५५ च्या सुमारास असे आढळले की रेसर्पिनामुळे मेंदूतील सिरोटोनिनचा साठा रिता होतो. नॉरॲड्रेनॅलिन व डोपामिन यांच्या बाबतीतही तसेच घडते. रेसर्पिन दिलेला प्राणी मंद होतो, त्याच्या पापण्या मिटतात, अंगाची उष्णता उतरते. १९५७ मध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचा अवसादावरील उपयोग जाहीर केला. हे औषध रेसर्पिनाचे वरील परिणाम रोखते असे दिसल्यावर नवे अवसादरोधी औषध शोधण्याची एक चाचणीच हाती आली.

या इतिहासातून दोन धडे मिळतात. पहिला असा की चाचणी ज्या औषधावरून घडविली जाते, त्याच जातीची औषधे तिच्यात उत्तीर्ण होतात. निराळ्या मार्गाने कार्य करणारे द्रव्य उपयुक्त असूनही तेथे नापास होऊ शकते. दुसरा धडा व्यवहारातला आहे. रेसर्पिन घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रुग्णांत अवसाद उद्भवल्याची निरीक्षणे त्या काळी नोंदली गेली. नंतरच्या पुनरावलोकनांत या संबंधाच्या बळाविषयी शंका घेतली गेली असली, तरी विषादाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास सर्पगंधायुक्त कल्प देताना सावध असणे हेच श्रेयस्कर होय.

प्राण्यांवरील चार परीक्षा

आज वनस्पतिज द्रव्यांविषयीच्या बहुसंख्य निबंधांत पुढीलपैकी एक वा दोन परीक्षा आढळतात.

पहिली, सक्तीच्या पोहण्याची परीक्षा. ती पोरसोल्ट व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडली. पाण्याने भरलेल्या उंच नळकांड्यात उंदीर सोडतात. बाहेर पडण्याची वाट नसते. काही वेळ धडपडून तो केवळ नाक पाण्यावर राहील इतकीच हालचाल करत तरंगत राहतो. या निश्चलतेचा काळ मोजतात. लहान जातीच्या उंदरात परीक्षा सहा मिनिटांची असते आणि सहसा शेवटची चार मिनिटे मोजतात. मोठ्या जातीच्या उंदरास आदल्या दिवशी पंधरा मिनिटे आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे पाण्यात ठेवतात. द्रव्य दिल्यावर निश्चलतेचा काळ घटला, तर ते अवसादरोधीसदृश मानतात.

दुसरी, शेपटीने टांगण्याची परीक्षा. ती १९८५ मध्ये स्टेरू व सहकाऱ्यांनी मांडली. लहान उंदरास शेपटीला चिकटपट्टी लावून सहा मिनिटे उलटे टांगतात व तो किती वेळ निश्चल राहतो हे मोजतात. येथे पाण्यामुळे अंग थंड पडण्याचा प्रश्न येत नाही. मात्र काही वंशांचे उंदीर स्वतःच्या शेपटीवरच चढतात, त्यामुळे वंशाची निवड महत्त्वाची ठरते.

तिसरी, शिकलेल्या असहायतेची परीक्षा. टाळता न येणारा सौम्य विद्युत् आघात वारंवार बसल्यावर प्राणी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही सुटण्याचा प्रयत्न करीत नाही, हे १९६७ मध्ये ओव्हरमायर व सेलिगमन यांनी कुत्र्यांवर दाखविले. नंतर ही पद्धत उंदरांवर वापरात आली.

चौथी, दीर्घकालीन सौम्य तणावाची परीक्षा. तिची मांडणी १९८७ मध्ये विल्नर व सहकाऱ्यांनी केली. ओले अंथरूण, तिरका पिंजरा, दिवस-रात्रीच्या प्रकाशाची उलथापालथ असे लहान लहान ताण काही आठवडे दिले, की उंदराची साखरेच्या पाण्याची आवड कमी होते. अवसादरोधी औषध काही आठवडे सतत दिल्यावर ती परत येते. कशातच गोडी न वाटणे या लक्षणाशी ही परीक्षा अधिक जवळची आहे आणि परिणामाला लागणारा काळही मनुष्याशी जुळणारा आहे. परंतु ती खर्चिक व वेळखाऊ असून वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सारखाच निकाल येईल याची शाश्वती नसते. म्हणूनच सहा मिनिटांत उरकणाऱ्या पहिल्या दोन परीक्षांवर निबंधांची गर्दी झालेली दिसते.

या दोन झटपट परीक्षांतील अडचण नीट समजून घेतली पाहिजे. मनुष्यात अवसादरोधी औषधाचा पूर्ण गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे वा त्याहून अधिक काळ लागतो. पोहण्याच्या परीक्षेत मात्र एकाच दिवसाच्या मात्रांनी फरक दिसतो. दुसरे असे की कॅफिन किंवा ॲम्फेटामिन यांसारखे उत्तेजक द्रव्य दिल्यासही उंदीर अधिक हालचाल करतो आणि निश्चलता घटते. म्हणून ज्या निबंधात साध्या हालचालीची वेगळी मोजणी केलेली नाही, त्याचा निष्कर्ष अपुरा समजावा. तिसरे असे की पाण्यात शांत तरंगणे ही निराशा आहे की शक्ती राखून ठेवण्याचे शहाणपण, यावर शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत.

हरिद्रेचे उदाहरण

आता एकच द्रव्य घेऊन ही पायऱ्यांची वाट तपासू. त्यासाठी हरिद्रा हे उत्तम उदाहरण आहे, कारण ती उंदरापासून मनुष्यापर्यंत पोहोचलेली आहे.

चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील कुलकर्णी, भुटानी व बिश्नोई यांचा कर्क्युमिनविषयीचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान उंदरांस दर किलो वजनास १० ते ८० मिलिग्रॅम कर्क्युमिन उदरपोकळीत इंजेक्शनाने दिले असता मात्रेच्या प्रमाणात निश्चलतेचा काळ घटला. मेंदूतील सिरोटोनिन वाढले, अधिक मात्रेत डोपामिनही वाढले. नॉरॲड्रेनॅलिनमध्ये फरक पडला नाही. फ्लुओक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन व ब्युप्रोपिऑन यांच्या एरवी निष्फळ ठरणाऱ्या अल्प मात्रेस २० मिलिग्रॅम कर्क्युमिनाची जोड दिल्यावर गुण दिसला. इमिप्रामिनच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. पिप्पली व मिरी यांतील पायपरिन सोबत दिल्यास कर्क्युमिनाचे कार्य वाढले. प्रयोग विचारपूर्वक रचलेला आहे, यात शंका नाही.

आता मात्रेचे गणित करू. दर किलोस २० मिलिग्रॅम म्हणजे ६० किलोच्या मनुष्यास १२०० मिलिग्रॅम, असा गुणाकार अनेक जण करतात. तो चुकीचा आहे. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो, म्हणून देहाच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रूपांतर करावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ च्या मार्गदर्शिकेत दिलेल्या गुणकांप्रमाणे लहान उंदराची मात्रा सुमारे १२.३ ने आणि मोठ्या उंदराची सुमारे ६.२ ने भागावी. त्याप्रमाणे २० मिलिग्रॅम म्हणजे मनुष्यास दर किलोस सुमारे १.६ मिलिग्रॅम, अर्थात ६० किलोच्या व्यक्तीस सुमारे ९७ मिलिग्रॅम कर्क्युमिन होते.

हळदीच्या चूर्णात कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये साधारण ३ टक्के धरली, तर सुमारे ३ ग्रॅम हळदीत ती ९० मिलिग्रॅम असतील. म्हणजे चमचाभर हळदीने काम भागावे! कागदावर गणित जुळते आणि तेथेच फसगत होते. उंदरास द्रव्य इंजेक्शनाने दिले होते, रुग्ण ते तोंडाने घेणार आहे. तोंडाने घेतलेले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि शोषले गेलेले यकृतात झपाट्याने रूपांतरित होते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील शोबा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले की निरोगी व्यक्तींना केवळ २ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यास रक्तातील प्रमाण अत्यल्प राहते. २० मिलिग्रॅम पायपरिनची जोड दिल्यावर जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. त्रिकटूचा अनुपान म्हणून किंवा योगवाही म्हणून वापर करणाऱ्या वैद्यास याचे नवल वाटणार नाही.

पण या जोडीला दुसरी बाजू आहे. पायपरिन केवळ हळदीचेच शोषण वाढविते असे नाही. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलीन यांचेही रक्तातील प्रमाण ते वाढवू शकते. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णास सांद्रित पायपरिनयुक्त कॅप्सूल देणे म्हणजे त्याच्या औषधाची मात्रा नकळत बदलणे होय. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संशोधकजालाने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक उत्पादनांशी संबंधित दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी एक रुग्ण दगावला, आणि सात जणांत एक विशिष्ट जनुकीय ठेवण आढळली. काही उत्पादनांत पायपरिनही सापडले. स्वयंपाकातील हळद आणि शोषण वाढविलेली सांद्रित कॅप्सूल ही दोन निराळी द्रव्ये समजावीत, हा त्याचा अर्थ.

मनुष्यावरील पुरावा काय सांगतो? भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अवसादाच्या ६० रुग्णांचे तीन गट करून सहा आठवडे फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम, कर्क्युमिन १००० मिलिग्रॅम किंवा दोन्ही मिळून देण्यात आले. गुण आलेल्यांचे प्रमाण फ्लुओक्सेटिन गटात ६४.७ टक्के, कर्क्युमिन गटात ६२.५ टक्के आणि संयुक्त गटात ७७.८ टक्के होते. हे आकडे पाहून कर्क्युमिन फ्लुओक्सेटिनच्या बरोबरीचे आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तीन गटांतील फरक संख्याशास्त्राने अर्थपूर्ण ठरला नाही, गट लहान होते, आणि निष्क्रिय औषधाचा गट नव्हता. अवसादाच्या चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांतही साधारण एक तृतीयांश रुग्णांना गुण येतो. हे लक्षात घेतल्यावर अभ्यासाचे खरे मोल कळते. तो आशा दाखवितो, शिक्कामोर्तब करीत नाही. त्याच वर्षी लोप्रेस्टी व सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात ५६ रुग्णांवर निष्क्रिय गटासह केलेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत चौथ्या आठवड्यानंतर कर्क्युमिनच्या बाजूने फरक दिसला. तोही लहान अभ्यास होता.

ब्राह्मी आणि शंखपुष्पी : नाव एक, द्रव्ये अनेक

बनारस हिंदू विद्यापीठातील साईराम व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ब्राह्मीच्या, म्हणजे बकोपा मोनिएरीच्या, प्रमाणित एक्स्ट्रॅक्टचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या उंदरांस दर किलोस २० व ४० मिलिग्रॅम मात्रा पाच दिवस तोंडाने दिली असता पोहण्याच्या व असहायतेच्या परीक्षेत इमिप्रामिनशी तुलना करता येईल असा गुण दिसला. वरील हिशेबाने ४० मिलिग्रॅम म्हणजे ६० किलोच्या मनुष्यास सुमारे ३९० मिलिग्रॅम एक्स्ट्रॅक्ट होते. मनुष्यावरील ब्राह्मीच्या चाचण्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा वापरली गेली आहे. म्हणजे येथे मार्ग आणि मात्रा दोन्ही व्यवहाराच्या जवळ आहेत. परंतु त्या चाचण्या मुख्यतः स्मृतीविषयीच्या आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ज्येष्ठ व्यक्तींच्या अवसादाच्या गुणांकात घट दिसली, पण त्या व्यक्ती अवसादाच्या रुग्ण म्हणून निवडलेल्या नव्हत्या.

हा अभ्यास बकोपाचा आहे. बाजारात ब्राह्मी या नावाने अनेकदा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, मिळते. दोन्ही गुणी वनस्पती आहेत, पण बकोपाचा निबंध मंडूकपर्णीच्या चूर्णाच्या बरणीवर चिकटविता येत नाही. औषधविक्रेत्यांनी खरेदीच्या पावतीवर केवळ ‘ब्राह्मी’ असे न घेता शास्त्रीय नावाचा आग्रह धरावा.

शंखपुष्पीत हा गुंता अधिक आहे. कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही बहुमान्य शंखपुष्पी असली, तरी विष्णुक्रांता आणि केरळात गोकर्णी हीदेखील त्याच नावाने वापरली जातात. हिसार येथील धिंग्रा व वलेचा यांनी २००७ मध्ये कॉन्व्हॉल्व्ह्युलसचा अभ्यास केला. लहान उंदरांत जो स्पष्ट गुण दिसला तो मद्यार्काने काढलेल्या एक्स्ट्रॅक्टमधून पुढे क्लोरोफॉर्मने वेगळ्या केलेल्या भागाचा, दर किलोस ५० व १०० मिलिग्रॅम मात्रेत.

चरकाने मेध्य रसायनांत शंखपुष्पी सांगितली ती कल्काच्या रूपात, मंडूकपर्णी व गुडूची स्वरसाच्या रूपात, यष्टीमधु चूर्णरूपाने दुधाबरोबर. कल्कात वनस्पतीचे सर्वच घटक येतात. क्लोरोफॉर्म मुख्यतः स्निग्ध स्वभावाचे घटक उचलते. साखरेच्या पाकात केलेल्या सिरपमध्ये उतरतात ते मुख्यतः जलविद्राव्य घटक. कल्क, क्लोरोफॉर्मचा भाग आणि सिरप यांचे नाव एक असले, तरी ती रासायनिकदृष्ट्या तीन द्रव्ये आहेत. हिसारच्या निबंधाने सिरपाविषयी अनुकूल वा प्रतिकूल असे काहीच सांगितलेले नाही. ग्रंथोक्त कल्पाला पुरावा हवा असेल, तर तो ग्रंथोक्त कल्पावरच प्रयोग करून मिळवावा लागेल. हे काम आपल्याच महाविद्यालयांनी व औषधनिर्मात्यांनी करावयाचे आहे.

मनुष्यापर्यंत पोहोचलेली एक वनस्पती

पश्चिम हिमालयातही आढळणारी हायपेरिकम परफोरेटम ही वनस्पती युरोपात सेंट जॉन्स वर्ट या नावाने दीर्घकाळ वापरात आहे. २००८ च्या कॉक्रेन पुनरावलोकनात तिच्या २९ चाचण्यांचा व ५४८९ रुग्णांचा विचार झाला. तीव्रतम नसलेल्या अवसादात तिची एक्स्ट्रॅक्ट निष्क्रिय गोळीपेक्षा सरस आणि प्रचलित औषधांच्या बरोबरीची ठरली. तिला मान्यता मिळवून दिली ती या मनुष्यांवरील चाचण्यांनी.

तिचे दोषही मनुष्यातच कळले. तिच्यातील हायपरफोरिन यकृतातील विकरांना चेतविते. त्यामुळे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींप्रमाणे हृदयप्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत सायक्लोस्पोरिनचे प्रमाण घटून शरीराने नवे हृदय नाकारण्याची क्रिया सुरू झाली. गर्भनिरोधक गोळ्यांचा गुणही ती कमी करू शकते. सिरोटोनिन वाढविणाऱ्या औषधांबरोबर ती देणे धोक्याचे आहे. ज्या द्रव्यात खरे कार्य आहे, त्यात अपकार्याची शक्यताही असते. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, हे विधान आपल्या संहितांनाही मान्य नाही.

प्राण्यांविषयीचे दायित्व

आपल्या देशात असे प्रयोग १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसार, संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घेऊनच करता येतात. सक्तीच्या पोहण्याच्या परीक्षेविषयी अलीकडे जगभर फेरविचार चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये मानवी अवसादाची प्रतिकृती म्हणून तिचा वापर करू नये अशी भूमिका घेतली. ब्रिटनच्या शासनाने २०२४ मध्ये ती संपुष्टात आणण्याच्या दिशेने जाण्याचा हेतू व्यक्त केला. ज्या परीक्षेच्या अर्थाविषयीच शंका आहे, तिच्यासाठी शेकडो वर्षे मनुष्याने सेवन केलेल्या वनस्पतीचा उंदरावर पुन्हा पुन्हा प्रयोग करण्यापेक्षा तीच शक्ती सुरचित मानवी अभ्यासात लावणे अधिक न्याय्य, असे आम्हांस वाटते.

निबंध वाचताना विचारावयाचे प्रश्न

१. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग आणि ओळख पटविणाऱ्या नमुन्याची नोंद दिली आहे का?

२. चूर्ण, क्वाथ, एक्स्ट्रॅक्ट की वेगळा केलेला एकच घटक? आपण देतो तो कल्प त्याच्याशी जुळतो का?

३. द्रव्य तोंडाने दिले की इंजेक्शनाने?

४. पृष्ठभागाच्या हिशेबाने मनुष्याची मात्रा किती होते? ती व्यवहार्य व सुरक्षित आहे का?

५. केवळ द्रावक दिलेला गट आणि प्रचलित औषधाचा गट, दोन्ही आहेत का?

६. साध्या हालचालीची वेगळी मोजणी झाली का?

७. प्राण्यांची गटवारी यादृच्छिक होती का? मोजणाऱ्यास गट माहीत नव्हता ना?

८. गुण एका दिवसाच्या मात्रेचा की सलग काही आठवड्यांच्या सेवनाचा?

९. खर्च कोणी केला? उत्पादकाने केला असल्यास इतर कोणास तोच निष्कर्ष मिळाला आहे का?

१०. मनुष्यावर, निष्क्रिय गटासह, अभ्यास झाला आहे का?

दहाव्या प्रश्नाचे उत्तर नाही असे असेल, तर पहिल्या नऊ प्रश्नांची उत्तरे कितीही समाधानकारक असोत, तो निबंध पुढील संशोधनाचे कारण ठरतो. चिकित्सेचा आधार ठरत नाही.

चिकित्सालयात व औषधी दुकानात

विषादाची लक्षणे घेऊन येणाऱ्या रुग्णास आम्ही प्रथम दोन प्रश्न स्पष्ट विचारतो : जगणे नकोसे वाटते का, आणि स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का? असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात रुजतो ही भीती निराधार आहे. उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी असल्यास कोणत्याही मेध्य कल्पावर विसंबून न राहता रुग्णास एकटे न सोडता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवावे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावा.

जो रुग्ण अवसादरोधी औषधे आधीपासून घेत आहे, त्याची गोळी वैद्याने परस्पर बंद करू नये. ती एकाएकी थांबविल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश उद्भवतात आणि मूळ व्याधी उसळू शकतो. मात्रा कमी करावयाची असल्यास मूळ चिकित्सकाच्या संमतीने, हळूहळू करावी. यापूर्वी कधी अतिउत्साह, अल्प निद्रा, बेसुमार खर्च असा काळ येऊन गेला का, हेही विचारावे. तसा इतिहास असल्यास व्याधीच निराळा असतो. थायरॉइडची मंदता आणि पांडु यांचा विचारही राहू नये.

सौम्य विषादात आपल्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. सत्त्वावजय, दिनचर्या, निद्रेची घडी, अभ्यंग, अग्नीचा विचार करून योजलेली मेध्य रसायने यांचा उपयोग निःसंकोच करावा. मात्र दोन ते चार आठवड्यांनी लक्षणांची लेखी नोंद ठेवून फेरतपासणी करावी आणि उतार नसल्यास तज्ज्ञांचे मत घ्यावे. अशा नोंदी अनेक वैद्यांनी शिस्तीने ठेवल्या, तर सुरचित मानवी अभ्यासाची पूर्वतयारी त्यातूनच होईल.

औषधविक्रेत्यांना विनंती अशी की ‘डिप्रेशनवर आयुर्वेदिक काही आहे का’ असे विचारणाऱ्या ग्राहकापुढे बाटली ठेवण्यापूर्वी तो अन्य कोणती औषधे घेतो हे विचारावे आणि वैद्याकडे जाण्यास सांगावे. विक्री एक दिवस लांबेल, पण ग्राहकाचा विश्वास टिकेल.

उपसंहार

प्राणिप्रयोग आपल्याला एखाद्या द्रव्यात काही कार्य असण्याची शक्यता सांगतो. ते कोणत्या रुग्णास, कोणत्या रूपात, किती मात्रेत व किती काळ द्यावे, हे तो सांगत नाही. दोष, देश, काल, बल, सात्म्य यांचा विचार करून औषध योजावे, ही आपली परंपरागत शिस्त याच प्रश्नांची आहे. उंदरावरील यशाचा गवगवा करून आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढत नाही. शोधनिबंध पारखून वाचणारा, रुग्णाच्या जिवाला प्रथम स्थान देणारा आणि आपल्या अनुभवाची प्रामाणिक नोंद ठेवणारा वैद्यच ती वाढवील. वाचकांनी यापुढे एखादे माहितीपत्रक हाती येताच वरील दहा प्रश्न त्यास लावून पाहावेत आणि प्रतिनिधीस मूळ निबंधाची प्रत मागावी, एवढीच विनंती आहे.